डावी पाकळी

फार फार जुनी गोष्ट आहे. त्या दिवशी ऊन असं तापलं होतं की देवळाच्या दगडी पायऱ्यांवर अनवाणी पाय ठरत नव्हता. तरी खालच्या पायरीवर वीसेक माणसं बसून होती.

ती गावाबाहेरच्या वस्तीतली माणसं. बांबूच्या परड्या विणायची. त्यांची परडी पाणी शिंपडून आत जायची, फुलं घेऊन देवाच्या पायाशी बसायची. विणणाऱ्याला मात्र आत जायची बंदी. ती भांडली नाहीत. रोज येऊन नुसती बसली. कुणी चिखल फेकला, तर पायरी झाडून पुन्हा बसली. त्यांच्यात पुढे एक म्हातारा होता.

हळूहळू गावकरी त्याच्यापाशी थांबायला लागले. कुणी पाणी आणून ठेवी. कुणी विचारी, “बाबा, गुडघे दुखत नाहीत का?”

आत पुजाऱ्याच्या कानावर ते पडे. ‘तीस वर्षं मी देवापुढे वाकतोय,’ तो मनात म्हणे, ‘माझे गुडघे कुणी विचारले?’ आणि त्याला जेवण गोड लागेना.

शेवटी गावानं ठरवलं, यांना आत घ्यायचं का, देवालाच कौल लावू. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. अशी तिथली रीत होती. उजवी चिकटून राहावी म्हणून पुजाऱ्यानं तिच्याखाली गुपचूप दाट गंध लावलं. डावी पडली.

“देव नाही म्हणाला,” पुजाऱ्यानं सांगितलं.

“बरं,” म्हातारा म्हणाला. “उद्या परत येतो.”

मग काही दिवसांनी पुजाऱ्याच्या लेकीला लांबच्या गावचं स्थळ आलं. एकुलती एक लेक. कौल लावल्याशिवाय त्यानं जन्मात काही ठरवलं नव्हतं. त्यानं पाकळ्या लावल्या. उजवी पडली. पण त्याला बरं वाटेना. हा देव बोलला, का माझं बोट बोललं? त्यानं पुन्हा लावल्या. डावी पडली. तिच्यावरही विश्वास बसेना. ज्याला जन्मभर विचारलं, त्याला आता काही विचारता येईना.

भर दुपारी तो बाहेर आला आणि त्या तापल्या पायरीवर म्हाताऱ्याशेजारी बसला. सगळ्या गावादेखत त्यानं गंधाची गोष्ट सांगितली, आणि म्हाताऱ्याच्या मानाचा हेवा वाटला हेही.

पाटील म्हणाले, “मग पुन्हा कौल लावू.”

म्हातारा सावकाश म्हणाला, “पाटील, आम्ही देवाला कधी विचारलंच नव्हतं. आम्ही तुम्हाला विचारत होतो.”

पाटलांनी मान खाली घातली. मग पुजारीच उठला. त्यानं म्हाताऱ्याला हात देऊन उठवलं आणि दोघं दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी चढले. मागून सगळी वस्ती आत गेली.

संध्याकाळी पुजारी ओट्यावर बसला होता. शेजारची तेलीण दिव्याचं तेल घेऊन आली, त्याच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “बुवा, दुसऱ्याच्या मानावर जळणाऱ्याला देव हाताच्या अंतरावर असूनही भेटत नाही.”