राजांची पाटलोण आणि चोरीचं कापड

"चोर! कापडचोर!"

हैबतगडचे राजे उदाजीराव भर दरबारात ओरडले आणि एका हाताने पाटलोण धरून उभे राहिले. धरणं भागच होतं, हूक लागत नव्हता!

समोर केरबा शिंपी हात जोडून उभा होता. शेजारी त्याची लेक हौसा, पदराला सुई खोचलेली.

"गेल्या दिवाळीत चांगलं तीन वार विलायती कापड दिलं तुला! तेव्हा छान बसली, आणि वर्षात आटली? कापड कमी घातलंस, म्हणूनच आटली! उगीच नाही म्हणत, सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा!"

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. वर्षभर दोन्ही वेळेला श्रीखंड हाणून राजांचं पोट सुटलंय, हे बोलायची कुणाची टाप होती!

"चोरलेलं कापड आत्ता इथल्या इथे हजर कर! दरबाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. नाहीतर मशीन जप्त आणि गाढवावरून धिंड!"

कापड कुठे आहे ते केरबाला पक्कं ठाऊक होतं. पण सांगायचं तर राजांच्या पोटाचं नाव काढावं लागलं असतं!

हौसा पुढे झाली. "देते की कापड! पण महाराज, ज्याच्या अंगावर सापडेल, गाढवावर तोच बसणार ना?"

"तोच! आमचा शब्द!"

"मग पाटलोण काढा!"

दरबाऱ्यांनी कानांवर हात ठेवले.

"अहो, कापड तुमच्याच अंगावर आहे!"

राजे चडफडत पडद्याआड गेले. पाटलोण तेवढी बाहेर आली. हौसाने ती उलटी केली आणि मागची शिवण भराभर उसवली. दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं कापड निघालं. कंबरपट्टीतही घडी घातलेली. बाहेरचं उन्हानं विटलेलं, आतलं अजून कोरं करकरीत!

"आम्ही शिंपी याला माया म्हणतो. बाहेरून दिसत नाही, पण वेळेला सोडता येते."

तिने तिथेच बसून नवी शिवण घातली. राजे बाहेर आले ते हूक लावूनच! पण तोरा काही उतरला नव्हता.

"एवढं कापड होतं तर वर्षभर लपवलंत का?"

"माप घेतानाच बाबा म्हणाले होते, राजे अजून सुटणार! तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून शिवणीत दडवून ठेवलं. बरं महाराज, गाढव बाहेर उभं आहे. बसताय ना?"

कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. राजांनी आपल्या पोटाकडे पाहिलं, मग दाराकडे.

"अगं, त्या मुक्या जनावराचा तरी विचार कर!" म्हणत ते स्वतःच खो-खो हसत सुटले. "केरबा, आजपासून तू राजशिंपी! पोरीला नवं मशीन! आणि यंदा पाच वार कापड देतो, उरेल ते तुमचं!"

"उरतंय कशाचं, महाराज!" हौसा म्हणाली. "दिवाळीचा फराळ अजून व्हायचाय!"

राजे असे काही हसले, की नुकताच लावलेला हूक टण्णकन उडाला आणि थेट दिवाणजींच्या पगडीत जाऊन बसला.