काचेच्या बरणीतल्या बहिणी

शाळेत विजेचे दिवे यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बरणीत सोन्याच्या वर्खाची दोन पानं एकाच पितळी दांडीला लटकून राहायची. जणू दोन बहिणीच, थोरली आणि धाकटी. इतक्या जवळ, की एकीने श्वास घेतला तरी दुसरी हलायची.

फळीवरच्या एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, काळ्या कांडीला ही जवळीक सलायची. एके दिवशी तिने लोकरीच्या फडक्यावर खसाखसा घासून अंगात वीज भरून घेतली, बरणीबाहेर आलेल्या दांडीच्या डोक्याला ती टेकली आणि कुजबुजली, "खरं सोनं तूच गं. शेजारची नुसती चकाकते."

दांडी एकच, त्यामुळे शब्द दोघींपर्यंत सारखेच उतरले. दोघींना वाटलं, हे फक्त माझ्यासाठी.

"जरा सरक," थोरली म्हणाली.

"मी का? तूच सरक!"

कांडी पुन्हा घासली, पुन्हा टेकली. बहिणी फाकत फाकत काचेपर्यंत गेल्या. धाकटीच्या कडेला बारीक चीर पडली.

"अगं, फाटाल दोघी!" दांडी कळवळली.

"फाटू दे, पण हिच्याजवळ नको!" दोघी एकदमच ओरडल्या.

तेवढ्यात फळी पुसणाऱ्या गोदूबाईंचं बोट दांडीच्या डोक्याला लागलं. सगळा ताण त्या बोटातून जमिनीत उतरला. बहिणी थरथरत पुन्हा एकमेकींना बिलगल्या.

थोड्या वेळाने थोरलीने विचारलं, "कांडी तुला काय म्हणाली गं?"

"काही नाही. तुला?"

"मलाही काही नाही."

बाहेर फडक्यावर कांडी घासल्याचा आवाज येऊ लागला.