कोटातल्या दोघी

एका राज्यात मणिधर नावाचा राजा होता. राजा मनाने चांगला, पण भारी कंटाळखोर. सणाच्या पंगतीत पहिल्या पाहुण्याच्या हाती विडा द्यायचा, टाळी वाजवायची आणि म्हणायचं, "साऱ्या पंगतीला पोचला!" बाकीचे विड्याविनाच उठायचे. राजाच तो, त्याला कोण बोलणार?

एकदा दुसऱ्या पाटावर दंडकेतू जादूगार बसला होता. त्याचा पुढे केलेला हात रिकामाच राहिला. तो संतापून उठला. राजाच्या दोन्ही मुलींना, थोरल्या हेमांगीला आणि धाकट्या शलाकेला, त्याने दगड केलं. त्यांच्याभोवती दोन वाकड्या भिंतींचा कोट उभा केला. वर एक भारद्वाज पक्षी बसवला. तो माणसासारखा बोले.

भारद्वाज म्हणाला, "अंजनतळ्याचं पाणी आणा. कोटात जे आहे, त्याला सात-सात थेंब द्या. जिला कमी पडेल ती कायमची दगड. जास्त दिलं, तर देणारा दगड."

राजपंडितांनी बोटं मोजली. "सात थोरलीचे. धाकटी तिच्या पाठचीच, तिला एक पुरे. झाले आठ."

वाड्यात विडे लावणारी सगुणा तांबोळीण तिथेच उभी होती. तिला राहवेना. "अहो पंडितजी, सात विडे लावायचे तर सात पानं घेऊन सुपारीचं एकच खांड घालू का मी? पानं सात, तर खांडंही सात. थोरलीला सात, धाकटीलाही सात. चौदा थेंब लागतील."

"एवढं कळतं, तर तूच जा!" पंडित चिडून म्हणाले.

"जाते."

तिच्यापुढे तीन कामं होती. पहिलं, तळ्याच्या वाटेवरचा काळा डोंगर चढण्याचं. डोंगर दर पावलाला उंच होई, ती चढली. दुसरं तळ्यातल्या मगरीचं. मगरीने विचारलं, "किती?" ती म्हणाली, "चौदा." मगरीने तेवढेच दिले. तिसरं काम कोटातलं, आणि तेच जिवावरचं होतं.

सात थेंबांनी हेमांगी श्वास घेऊ लागली. मग सगुणा शलाकेकडे वळली. एक थेंब पडला. दगड तो दगडच.

राजाचा धीर सुटला. "सगुणे, पुरे! पंडित खरे असले तर आणखी एका थेंबाने तूच दगड होशील!"

"झाले तर झाले, महाराज. हिच्या वाटचं हिला मिळायलाच हवं."

भीती तिलाही वाटत होती, खोटं कशाला सांगू? तरी तिने दुसरा थेंब सोडला. तिसरा पडला, चौथा पडला, पाचवा, सहावा. सातवा पडला आणि शलाकेची पापणी हलली. भिंती मिठासारख्या विरघळल्या, भारद्वाज उडून गेला, शाप फिटला. राज्यात नगारे वाजू लागले.

शलाकेने डोळे चोळत बापाकडे पाहिलं. "आबा, मला एकच थेंब देणार होतात ना? दगडात असले तरी ऐकू येत होतं मला."

राजाने भर दरबारापुढे तिला पोटाशी धरलं. "चुकलो गं, पोरी," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडला.