आंधळ्या वनाचा किनारा

एका राज्यात नावा परत येत, माणसे येत नसत.

ते राज्य समुद्राच्या काठी होते. त्याच्या दक्षिणेला अरण्याचा किनारा लागे. बाहेरच्या पाण्यात खडक होते, म्हणून दूर देशी जाणाऱ्या प्रत्येक गलबताला त्या किनाऱ्याच्या कडेकडेनेच जावे लागे. पूर्वी गलबते जात आणि येत. मग एका भरतीला एक गलबत रिकामेच बंदरात शिरले. शीड उभारलेले, चुलीवर भाताचे भांडे, आणि माणूस एकही नाही. त्यानंतर जे गेले ते तसेच आले. बंदरातल्या बायका प्रत्येक रिकाम्या नावेत वाकून बघत, आणि घरी जात.

शेवटी राजा सुकेतू स्वतः शोधाला गेला. त्याचेही गलबत परत आले. वल्ह्याला त्याचा शेला गुंडाळलेला होता.

राणी कादंबिनीने तो शेला धुतला, वाळवला, घडी करून ठेवला, आणि प्रधानाला म्हणाली, "माझ्यासाठी लहान नाव काढा."

"महाराणी, राज्याला आता आपणच आहात."

"बंदरात तरणा माणूस दिसत नाही, प्रधानजी. मी राज्य राखायचे ते कुणासाठी?"

तिच्याबरोबर जायला म्हातारा तांडेल भिवा तेवढा तयार झाला. त्याचे दोन्ही मुलगे, हरबा आणि केरू, पहिल्याच गलबतात गेले होते. तो सुकाणूवर बसला आणि नाव निघाली.

अरण्याचा किनारा लागला तसा उजेड मंदावला. झाडे पाण्यातच उभी होती, मुळांची बोटे चिखलात रोवून. हिरवा रंग इतका दाट होता की तो काळाच दिसे. आभाळात ढग नव्हता, तरी पानांतून पाणी गळत होते. कुठे धूर नाही, पायवाट नाही, कोळ्याचे जाळे नाही. वल्ह्याचा आवाज त्या झाडीत जाई आणि परत येत नसे.

एक धनेश पक्षी डोलकाठीवर उतरला. त्याची चोच पिवळी होती आणि तो माणसासारखा बोलत होता.

"राणी, पुढे तीन खाड्या आहेत. पहिल्या खाडीत काही घ्यायचे नाही. दुसऱ्या खाडीत कुणाला ओ द्यायची नाही. तिसऱ्या खाडीत मागतील ते द्यायचे."

"हे तू इतरांना सांगितलेस?"

"सगळ्यांना सांगितले. सगळ्यांनी ऐकूनही घेतले."

एवढे बोलून तो उडून गेला.

पहिल्या खाडीत शिरताच पिंपातले पाणी खारट झाले. दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून गोड्या पाण्याच्या धारा पडत होत्या. वेलींवर पिकली फळे लोंबत होती, हात वर केला की मिळावीत अशी. राणीचे ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटली. भिवाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि पायाने सुकाणू सांभाळले. खाडी सरली तेव्हा पिंपातले पाणी पुन्हा गोडे झाले. दोघे पाणी प्याले.

दुसऱ्या खाडीत झाडे नावे घेत होती. राणीला तिची आई हाक मारत होती. आईला जाऊन कैक पावसाळे लोटले होते. मग सुकेतूचा आवाज आला, "कादंबिनी, इकडे." राणीने पदर तोंडात कोंबला आणि मान वर केली नाही.

मग एक आवाज आला, "बाबा, पाणी फार गार आहे."

भिवाचे हात थांबले.

राणीने त्याच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. भिवाने तिच्याकडे बघितले. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती.

"केरूला थंडी सोसत नाही, महाराणी," तो म्हणाला. मग काठाकडे वळून त्याने ओ दिली, "आलो रे, बाळा."

एक मूळ पाण्यातून वर आले आणि त्याच्या कमरेला वेढले. ते त्याला हळूच काठावर घेऊन गेले. त्याचे पाय चिखलात रुतले, हात वर गेले, बोटांना पाने फुटली. राणी पदर तोंडात धरूनच रडली. मग उठून तिने सुकाणू हाती घेतले.

तिसऱ्या खाडीच्या टोकाला, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या शिळेवर एक वृद्धा बसली होती. तिचे डोळे खोबणीत मिटून सपाट झाले होते.

"मी तमसा. या वनाची राखणदार," ती म्हणाली. "तुझ्या गळ्यात आमचा डोळा आहे."

राणीच्या गळ्यात हिरवा मणी होता. वडिलांनी लग्नात दिलेला. लग्नाला येताना त्यांचे जहाज याच किनाऱ्याने आले होते, आणि पहिले गलबत रिकामे परतले ते लग्नानंतरच. राणीचा हात मण्यावर गेला.

"माझ्या वडिलांनी तो चोरला?"

"या शिळेतून उकरून नेला. तेव्हापासून वन आंधळे आहे. चोर कोण ते दिसत नाही, म्हणून ते चाचपत राहते. जो हात लावील, जो आवाज करील, त्याला धरून ठेवते."

राणीने मणी काढून दिला. तमसेने तो तळहातावर फिरवला.

"थंड झाला आहे. माणसांच्या अंगावर राहून यातली नजर विझली. आता कुणाची तरी नजर यात घालावी लागेल."

राणीने काठाकडे मान वळवली.

"माझी नजर देण्याआधी एकदा महाराजांना बघू द्या."

"मला कोण कुठे आहे ते दिसत नाही, मुली. इथे झाडे आहेत. झाडे बघ."

राणीने बघितले. काठावर शेकडो झाडे होती, वाकलेली, शेवाळलेली, एकात एक गुंतलेली. यातले कोणते आपले, हे तिला कळेना. एकाची फांदी पाण्याकडे झुकली होती, एकाच्या खोडावर पांढरा डाग होता. तिने डोळ्यांना पाणी येऊ दिले नाही. एकेक खोड, एकेक फांदी ती बघत गेली.

"घ्या," ती म्हणाली.

तमसेने तिच्या पापण्यांवर अंगठे ठेवले. वेदना झाली नाही. उजेड तेवढा गेला.

मणी शिळेत बसला आणि वनाने डोळा उघडला. राणीला ते दिसले नाही. तिला पानांची सळसळ ऐकू आली, मग चिखलात कुणी पाय ओढल्याचा आवाज, मग खोकला, मग पुष्कळ माणसांचा एकदम श्वास. कुणी कुणाला नावाने विचारत होते. भिवाचा आवाज हरबाला हाक मारत होता, आणि हरबा ओ देत होता. केरूला मारलेल्या हाकेला मात्र कुणी ओ दिली नाही. त्याचे झाड मागच्या वादळात मोडून पडले होते.

कुणीतरी पाणी तुडवत नावेपाशी आले आणि त्याने तिचे हात हाती घेतले. त्या हातांना मातीचा वास होता.

"कादंबिनी. माझ्याकडे बघ."

"महाराज, बोलत राहा," ती म्हणाली. "आता मला तेवढेच पुरेल."

राजाला सगळे कळायला थोडा वेळ लागला. मग तो तिच्याशेजारी बसला आणि नाव उत्तरेकडे वळली. बाकीच्यांना वनाने काठाकाठाने चालायला वाट दिली. वाटेत कुणी हाक मारली नाही. बंदरात बायका धावत आल्या. ज्यांची माणसे आली त्यांनी चुली पेटवल्या, ज्यांची आली नाहीत त्यांच्या घरी राजा स्वतः गेला. मण्याला पुन्हा कुणी हात लावला नाही, आणि त्या किनाऱ्याने गेलेली गलबते माणसांसह परत येऊ लागली.

पुढे दरवर्षी राजाराणी लहान नावेतून तिकडे जात. राजा वल्ही मारी आणि दिसेल ते सांगे.

"काठावर ऊन आहे. एक हरणी पाणी पिते आहे. तिने आपल्याकडे बघितले."

"आणि वन?"

"तेही बघते आहे," राजा म्हणे.

मग राणी आपला चेहरा काठाकडे वळवी आणि नाव पुढे जाईपर्यंत तसाच धरून ठेवी.