न विचारण्याचा दिवस

कवठाटोल्याच्या तलावावर थंडीत कधीही या, पाळीवर माणसं एकमेकांना काहीबाही विचारत बसलेली दिसतील. एक दिवस सोडून. बर्फाच्या डोंगरांपलीकडून येणाऱ्या कादंब हंसांचा पहिला थवा ज्या सकाळी पाण्यावर उतरतो, त्या दिवशी या गावात कुणी कुणाला प्रश्न विचारत नाही. दुकानदार 'काय देऊ' म्हणत नाही, गिऱ्हाईक बरणीकडे बोट दाखवतं. सासू 'मीठ घातलंस का' म्हणत नाही, चाखून बघते. आणि घर सोडून गेलेलं कुणी त्या दिवशी परत आलं, तर त्याच्यापुढे आधी पाय धुवायला पाणी येतं, मग ताट. बाकी काही नाही.

वनखात्याची टोपी घालून पाहुण्यांना पक्षी दाखवणाऱ्या यमुनामावशी वलथरे यामागची गोष्ट सांगतात. आधी दुर्बीण हातात देतात. "पाण्यावर नका पाहू, काठच्या गवतात पाहा जी. डोक्यावर दोन काळे पट्टे दिसले का, तोच." मग पाळीवर ऐसपैस बसतात. गावातले म्हातारे हीच गोष्ट थोडक्यात उरकतात: पोरगा उद्धट होता, पाण्यात गेला, पक्षी झाला. मावशींना ते पटत नाही. "पक्षी झाला म्हटलं का कोणी हाकललं ते सांगा लागत नाही," त्या म्हणतात.

फार जुनी गोष्ट आहे, असं सांगतात. तलाव तेव्हाही एवढाच होता. धान कापल्यावर शेतकरी त्याच ओल्या बांधीत लाखोरीच्या डाळीचं बी फेकत, आणि ती कोवळी असतानाच कादंब उतरत. दिवसभर पाण्यात, सांजसकाळ लाखोरीत. त्या वर्षी पक्षी जास्त आले म्हणे, निम्मी लाखोरी खुडली गेली. गावचे पंच पाळीवर बसले. पुष्कळ चिलीम ओढून त्यांनी एक तोड काढली: पाणीच सोडून द्यायचं. तळं आटलं की पक्षी जातील. पुढे उन्हाळ्यात गुरं काय पितील, असं त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही. सुचलं असेल तर तो बोलला नाही. पाटील बोलल्यावर बोलायची पद्धत नव्हती.

पाणी सोडायचं दार तळाशी. त्याला तुडूम म्हणतात. लाकडी बुचं बुडी मारून काढावी लागत, आणि तशी बुडी आताशा गावात एकालाच जमायची, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या उकंडाला. पंचांनी त्याला बोलावलं.

"काढ बुचं," पाटील म्हणाले.

"नाही काढत," उकंडा म्हणाला. "मासोळ्या मरतीन. चैतात तुमचेच बैल जिभा काढतीन. लाखोरी राखाची असन तर रात पडल्यावर शेतात बसा ना, कायले इथं चिलमी फुकता?"

उकंडाचा बाप डोमाजी पंचांच्या बैठकीत एका टोकाला, चटईबाहेर बसत असे. चटईवर बसायला मिळावं ही त्याची जन्माची हौस. तो उठला आणि सगळ्यांदेखत त्यानं पोराच्या थोबाडीत मारली. मग धोतर खोचलं, त्या वयात स्वतः बुडी मारली आणि बुचं काढली. वर आला तेव्हा नाकातून रक्त येत होतं, आणि पाटलांनी त्याला चटईवर जागा करून दिली.

उकंडा त्याच पावली गाव सोडून गेला. त्याची आई पारबता शिंगाडे सोलत होती. तिला कळलं तेव्हा तळ्यातून पाणी खळखळत निघालं होतं आणि पोरगा दिसेनासा झाला होता. कुणाच्या मागे धावावं, हे तिला कळलं नाही, असं सांगतात.

पक्षी गेले. काही दिवस गावानं चिखलातल्या मासोळ्या पोटभर खाल्ल्या. मग उन्हाळा आला. गुरं मेली, विहिरी आटल्या. पंचांनी पुन्हा बैठक घेतली आणि ठरवलं, की उकंडानं जाताना तळ्याला नजर लावली. पारबता हे ऐकून घरात जेवण रांधत राहिली. डोमाजीला वाढताना तिचा हात थांबायचा, एवढंच.

कोरड्या तळात उतरून गावानं बुचं परत बसवली. पाऊस झाला, तळं भरलं. थंडी पडली आणि एका सकाळी कादंब परत उतरले. पंच पाळीवर होतेच. त्याच सकाळी पाळीच्या दुसऱ्या टोकानं उकंडा आला. गालफडं बसलेली, पाय फुटलेले. पारबतानं त्याला लांबूनच ओळखलं आणि ती पाण्याचा लोटा घेऊन निघाली. पण पंच जवळ होते.

"कुठी होतास बे?" पाटलांनी विचारलं.

"काय कमावून आणलंस?" दुसऱ्यानं.

"गुरं मारून पोट भरलं का?" तिसऱ्यानं.

आणि चटईवरून डोमाजी म्हणाला, "आता नाक घासाले आलास का रे?"

पारबता धावत होती. लोट्यातलं पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडत होतं. उकंडानं तिच्याकडे एकदा पाहिलं, वळला आणि पाळ उतरून लव्हाळ्यात शिरला. सगळा थवा एकदम उठला. आभाळ कलकलाटानं भरलं. पक्षी पुन्हा टेकले तेव्हा पाण्यावर माणूस नव्हता.

ढिवरांनी जाळी टाकली. काही लागलं नाही. "पक्षी झाला," पाटील म्हणाले, आणि पंचांनी माना हलवल्या.

पारबता एकटी तळ्याला वळसा घालून पलीकडच्या काठाला गेली. तिथे चिखलात पावलं होती, पाण्यातून निघून जंगलाच्या वाटेला लागलेली. त्यांच्यावर पक्ष्यांची नखं उमटायला लागली होती. ती तिथे बसून पोटभर रडली. मग तिनं हातानं चिखल सारखा केला.

परत आली ती पंचांपुढे उभी राहिली. "माझा पोरगा तुमच्या तोंडानं गेला," ती म्हणाली. "पाण्यात हात घाला आणि शपथ घ्या. पाखरं उतरतीन त्या दिवशी या गावात कोणी कोणाले काही विचारणार नाही. आणि त्या दिवशी जो येईन, त्याले पुढंही कधी नाही. मोडलीत तर तळं पुन्हा आटन." पंच भ्याले होते. मेलेल्याला माणूस भितो, जित्याला कोण विचारतं? एकेकानं वाकून पाण्यात हात घातला. डोमाजीला चटईवरून उठवत नव्हतं, त्याला दोघांनी धरून नेलं.

मग पारबता बाजाराला लागली. शिंगाडे घेऊन ती ज्या ज्या गावच्या बाजारात बसली, तिथे तिनं हीच बातमी सांगितली, की कवठाटोल्यात कादंब उतरतात त्या दिवशी कुणी काही विचारत नाही. गिऱ्हाइकांना वाटे, बाईचं डोकं फिरलं. ती सांगत राहिली. बातमी पाय नसताना कुठेही जाते, हे तिला माहीत होतं.

पुढच्या हंगामात कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पाटील मनात म्हणत असतील, आता शपथेला काय अर्थ? पण तळ्याच्या भीतीनं गप्प राहिले.

आणि एका वर्षी, कादंब उतरत असताना, पाळीवरून उकंडा आला. सोबत बायको होती, तिच्या कडेवर पोर. पाटलांनी तोंड उघडलं. त्यांनी उकंडाकडे पाहिलं, पारबताकडे पाहिलं. हिनं आपल्याला फसवलं हे त्यांना तिथल्या तिथे कळलं असणार. पण विचारणार कसं? तोंड तसंच मिटलं. म्हणे, असा गिळलेला प्रश्न त्या गावात पुन्हा कुणी पाहिला नाही.

डोमाजीच्या ओठांवरही काहीतरी आलं होतं. त्यानं उपरण्याचं टोक तोंडात कोंबलं आणि चटईवरून खाली सरकला. मोकळ्या झालेल्या जागेवर नातवाला बसवलं. पारबतानं सगळ्यांचे पाय धुतले आणि भात वाढला.

आजही थवा उतरतो त्या दिवशी पाळीवर चटई अंथरतात, आणि तिच्यावर म्हातारे बसत नाहीत. ती येणाऱ्यांसाठी असते. काही वर्षं रिकामी राहते. नागपूरला, रायपूरला गेलेली, भांडून गेलेली, नापास होऊन गेलेली पोरं कधी तिच्यावर येऊन बसतात, जेवतात.

मावशींची गोष्ट इथे संपते, आणि दुर्बीण परत देताना पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतंच, "पण मावशी, उकंडा इतकी वर्षं होता कुठे?"

"कोणाले मालूम जी," मावशी म्हणतात. "त्याले कोणी विचारलंच नाही."