न थांबणारा नांगर

एका राज्यात, जिथे पाखरं बोलत आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे, हैबती नावाचा शेतकरी होता. बांधावर जन्मला, बाभळीला टांगलेल्या झोळीत वाढला आणि हात पुरू लागले तसा त्याने नांगर धरला. कामाला वाघ. त्याची आईवेगळी लेक गोजरा रोज भाकरी घेऊन शेतात जाई. म्हणे, "आबा, बसा ना माझ्याजवळ."

"एवढं तास होऊ दे, पोरी."

तास म्हणजे नांगराने ओढलेली रेघ. ती काही संपत नसे. भाकरी तो चालता चालताच खाई.

एकदा ऐन वाफशात, जमीन नांगरायला नेमकी ओली असताना, त्याच्या फाळाला रत्नांचा हंडा लागला. दुसरा कुणी असता तर नाचला असता. हैबतीने हंडा उचलून बांधावर भिरकावला, कारण जमिनीची ओल उडून चालली होती. हंड्यातून धूर निघाला आणि त्यातून त्याचा राखणदार मांत्रिक उभा राहिला.

"माझ्या धनाकडे बघायला तुला सवड नाही? मग नांगरतच राहा!"

तेव्हापासून नांगर थांबेना. राजमार्ग चिरत गेला, राजवाड्याच्या अंगणातून गेला. राजाने सैन्य आडवं घातलं, तरी नांगर पुढेच. मग राजाने दवंडी पिटवली, जो थांबवील त्याला अर्धं राज्य. शहाणे पुष्कळ आले आणि हात हलवत गेले.

गोजराला राज्य नको होतं, बाप हवा होता. खरं सांगायचं तर शाप लागण्याआधीपासूनच हवा होता. ती तासामागून चालू लागली. वाटेत टिटवी भेटली.

"तुझ्या बापाने माझी अंडी होती तेवढा तुकडा न नांगरता सोडला होता," टिटवी म्हणाली. "मांत्रिकाकडे जा. तीन कामं सांगेल, ती कर."

गोजरा बांधावर हंड्यापाशी गेली. मांत्रिक म्हणाला, "खडकावर दाणा रुजव."

गोजराने ओच्यात माती आणून खडकावर पसरली, दाणा पेरला आणि कोंब फुटेपर्यंत बसून राहिली. वाट बघायची तिला सवय होती.

मग मांत्रिकाने माळावर नांगर चालवणारे शेकडो हैबती आणले. सगळ्यांची तोंडं हुबेहूब एक. "यातला तुझा बाप ओळख."

"यांना पाठमोरे करा," गोजरा म्हणाली. आयुष्यभर तिने बापाची पाठच पाहिली होती. तिने लगेच बोट दाखवलं, आणि बाकीचे विरून गेले.

मांत्रिक हसला. "आता त्याला खाली बसव. हे मलाही जमायचं नाही."

गोजरा भाकरी घेऊन नांगरामागे धावली. "आबा, बसा."

"एवढं तास होऊ दे, पोरी."

"आबा, मी वाट बघत मोठी झाले. तुम्ही नसता तेव्हा तुमची आठवण येते, आणि तुम्ही असता तेव्हाही येते."

नांगरणारा मागे बघत नाही, तास वाकडं होतं. हैबतीने मागे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्याचं तास वाकडं गेलं. त्याने नांगर सोडला, बैल थांबले, आणि तो मातीत बसला.

त्या क्षणी शाप सुटला. हंडा मांत्रिकासकट जमिनीत गेला. चिरलेले रस्ते सांधले, राजवाड्याचं अंगण पुन्हा सपाट झालं. राजा अर्ध्या राज्याची सनद घेऊन धावत आला.

"आधी जेवू द्या, महाराज," गोजरा म्हणाली. राजा बाजूला जाऊन उभा राहिला.

हैबती अवघडून बसला होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. त्याने भाकरी मोडली, अर्धी लेकीला दिली आणि विचारलं, "गोजरा, तुला खायला काय आवडतं गं?"

हे त्याने कधी विचारलं नव्हतं. गोजरा डोळे पुसून सांगू लागली. सांगून संपेपर्यंत हैबती उठला नाही.