पाठराखीण

"मग ती जाते कुठं?" डॉ. कर्णिकांनी विचारलं.

"कोण?" सीतारामबुवा म्हणाले.

"अर्धा तास तेच सांगतोय मी!"

टेकडीवरच्या त्या मठात शहरातली मंडळी येत ती प्रश्न आणि सफरचंदं घेऊन. प्रश्नांचं पुढं काय होई कुणास ठाऊक. सफरचंदं माकडं नेत. कर्णिकांनी दोन्ही आणलं होतं. शिवाय कॅन्सरवरचं आयुष्यभराचं संशोधन, आणि ते नावाच्या आधी सांगून टाकायची सवय.

"पुन्हा सांगा," बुवा म्हणाले. "आम्ही अडाणी."

"पेशीत प्रथिन तयार होतं ते नुसतं लांब धाग्यासारखं. त्याची नीट घडी बसली तरच ते कामाचं. नाहीतर चोळामोळा. ती बसेपर्यंत दुसरी प्रथिनं त्याला सांभाळतात. इंग्रजीत त्यांना शॅपरॉन म्हणतात."

"नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते, तसं."

"तसंच." कर्णिकांना जरा रागच आला. हे उदाहरण ते परिषदांत स्वतःचं म्हणून देत. "आणि घडी बसली की पाठराखीण निघून जाते. तयार प्रथिनात तिचा मागमूस राहत नाही. मी शोधलाय. नाही सापडत."

"गुणी बाई."

"गुणी कसली! कॅन्सरची प्रथिनं बिघडलेली असतात, एकटी उभी राहायची नाहीत. त्यांनाही हीच सावरते. तिला अडवायचं औषध करतोय आम्ही. गाठ मरते... पण चांगल्या पेशीही मरतात. त्यांनाही तिनंच धरलेलं असतं."

बुवांनी अंगावरची शाल सारखी केली.

"माझ्या बायकोच्या गाठीलाही तिनंच सांभाळलं."

कर्णिकांचा आवाज खाली आला होता.

"कुमुदला जाऊन वर्ष झालं. साड्या तिच्या बहिणींनी नेल्या. उशीचा वास गेला. मी घरभर शोधत फिरतो... माझ्या शास्त्राप्रमाणं काही उरत नाही. तुमच्या शास्त्रात काही उरतं का, एवढंच विचारायला आलो."

ऊन ओट्यावर आलं. बुवांनी अंगावरची शाल काढून त्यांच्यापुढं टाकली.

"घडी घालून ठेवा."

असलं काम कर्णिकांना बऱ्याच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी शाल उचलली. तोंड चालूच होतं. आता उंदरांवरचे प्रयोग निघाले. हातांनी एक कोपरा आत मुडपला, शालीचे तीन पदर केले आणि शेवटचं टोक त्या मुडपलेल्या जागेत खोचलं. फेकली तरी सुटू नये अशी घडी.

"ही कुणी शिकवली?"

"कुणी नाही. आमच्याकडे कुमुद अशीच..."

कर्णिक थांबले. आपल्या हातांकडे बघत राहिले.

खाली माकडं सफरचंदांवरून भांडत होती.

"बुवा," कर्णिक म्हणाले, "एवढी शाल मला द्याल? अशीच. मी उलगडणार नाही."

बुवांनी खोचलेलं टोक ओढलं. शाल झटकली. घडी गेली.

"अहो, हे काय केलंत..."

बुवांनी शाल त्यांच्या मांडीवर टाकली.

"घाल परत."